नातेवाइकांचा बाईट

बोईसरला कंपनीत स्फोट झाला की पहिली गर्दी गेटवर होते आणि दुसरी रुग्णालयाच्या दारात. दुसऱ्या गर्दीतला प्रश्न ठरलेला: “तुम्हाला काय वाटतंय?” जिला नवऱ्याचा मृतदेह अजून दाखवलेलाही नाही, तिच्या तोंडापुढे बूम माइक धरून विचारलेला. मुंबईच्या डेस्कवरून सारखा फोन येत असतो, नातेवाइकांचा बाईट पाठव.

मला याचा संताप येतो. बोईसरच्या या तारापूर औद्योगिक वसाहतीत मरणारा अनेकदा ठेकेदाराचा कामगार असतो, उत्तर प्रदेश-बिहारकडचा. घरी कुणी रीतसर कळवण्याआधीच फोटो व्हॉट्सॲपवर गावी पोचला, तर आईला मुलाचं मरण शेजाऱ्याच्या मोबाइलवर कळतं.

खासगी दुःखाच्या क्षणी छायाचित्रं घेऊ नयेत, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आहे. अपघातग्रस्तांची छायाचित्रं व्यापक जनहितासाठी घेता येतील, अशी सवलतही तिथेच आहे. आमच्याकडे सगळे त्या सवलतीवर बोट ठेवतात. पण रडणाऱ्या चेहऱ्यात कसलं जनहित? ते आहे रिॲक्टरवर कोण होतं, परवाना कशाचा होता, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने शेवटची तपासणी कधी केली, या प्रश्नांत. हे प्रश्न विचारायला गेटवर ताटकळावं लागतं. रुग्णालयाच्या दारात कुणी अडवत नाही.

हे फक्त कारखान्यांपुरतं नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री याच पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. ती दृश्यं देशभर फिरली. घरच्यांनी ती किती वेळा पाहिली असतील?

तरी सगळीच घरं कॅमेऱ्याला नको म्हणत नाहीत. एखादा भाऊ गेटपास मुठीत धरून स्वतःच पुढे येतो, “लिखिए साहब, ठेकेदार कह रहा है ये हमारा आदमी ही नहीं.” तिथे सभ्यपणा म्हणून मागे सरणं हा त्याच्यावर अन्याय. म्हणून विचारावं, बूम खाली ठेवून, त्याच्या भाषेत, नकार ऐकायच्या तयारीने.

११ जानेवारी २०२० ला बोईसरजवळच्या कोलवड्याच्या कारखान्यातल्या स्फोटात ८ जण गेले, तेव्हा सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख रुपये जाहीर केले होते. असे पैसे घरी पोचले का, कंपनीने काय दिलं, खटल्याचं काय झालं, ही बातमी वर्षभराने करायची असते. त्यासाठी त्या भावाने आपला फोन उचलायला हवा.