आधी हात तयार होऊ दे

पुणे

चि. सोनीस,

परवा ताईचा फोन आला होता. आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेड तू चांगल्या मार्कांनी पास झालीस, हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. पण चाकणला एका लाइनवर ठेकेदारामार्फत काम मिळतंय, पगार अप्रेंटिसच्या विद्यावेतनापेक्षा बराच जास्त आहे, म्हणून तू तिकडेच जायचं म्हणतेस, असंही ती म्हणाली. सोनी, एवढी घाई करू नकोस. एक वर्ष एखाद्या चांगल्या टूल रूममध्ये अप्रेंटिसशिप कर. का, ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

अशा लाइनवर काय काम असतं, ते मी रोज बघतो. कास्टिंग फिक्श्चरमध्ये बसवायचं, क्लॅम्प करायचं, सायकल स्टार्ट दाबायचं. दार उघडलं की एअर गननं चिप उडवायची, पीस काढायचा, गेज लावायचा, ट्रेमध्ये ठेवायचा. शिफ्टभर हेच. काम कष्टाचं आहे, त्याला मी मुळीच कमी लेखत नाही. पण साइज पळायला लागली किंवा टूल तुटलं, की ऑपरेटरनं बाजूला व्हायचं आणि सेटरला बोलवायचं. ऑफसेटला हात लावायचीही तिला बहुतेक ठिकाणी मुभा नसते. मग नवं मॉडेल येतं, लाइन बदलते, ठेकेदार बदलतो आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

टूल रूममध्ये सुरुवातीला कदाचित तुला मशीनचा व्हाइस ट्रू करायला लावतील. स्पिंडलला डायल लावायचा, त्याचं टोक व्हाइसच्या स्थिर जबड्याला टेकवायचं आणि टेबल सावकाश सरकवायचं. काटा पाच घरं हलला, म्हणजे ०.०५ मिलिमीटरचा फरक. बोल्ट जरा ढिला ठेवून मॅलेटनं हलकेच ठोकायचं, पुन्हा टेबल सरकवायचं. काटा एकदाचा स्थिर झाला म्हणून बोल्ट आवळावा, तर आवळताना व्हाइस पुन्हा सरकतो! नवख्या पोरांना यात रडू येतं. पण शंभर मिलिमीटरला तेवढा तिरकेपणा राहिला, तर तीनशे मिलिमीटरच्या डायवर तो तिप्पट होतो आणि मग त्या डायमधून निघणारा प्रत्येक पीस वाकडाच निघतो. ही जाण प्रोग्रॅम पाठ करून येत नाही. कटरचा आवाज बदलला की फीड कमी करावा, हेही शेजारी उभं राहून शिकवणारा जाणता कारागीर असेल तरच कळतं.

पुण्याचा हा सगळा कारखान्यांचा पसारा असाच, आधी हात तयार करून, उभा राहिला आहे. टेल्कोनं, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीनं, १९६६ साली पिंपरी-चिंचवडला जम बसवायला सुरुवात केली, पण इथून पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ साली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी आधी मशीन टूल विभाग आणि प्रशिक्षण यांच्याकडे लक्ष दिलं. गाडी बनवायची तर ती बनवणारी यंत्रं आणि माणसं आधी आपली हवीत, असा त्यांचा हिशोब होता. पुढे इथूनच १९८६ साली ४०७ हा छोटा ट्रक आला, १९९८ साली इंडिका ही कार आली. एवढा धीर आज कुणी धरत नाही, याचं मला वाईट वाटतं. भोसरीत फिरलीस तर दिसेल, कितीतरी छोट्या वर्कशॉपचे मालक एकेकाळी अप्रेंटिसच होते.

आता दुसरी बाजूही सांगतो, म्हणजे कुणी तुला फसवणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तू कामगार नसतेस, शिकाऊ असतेस. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी, असं बंधन मालकावर नाही. आणि अप्रेंटिस म्हणून घेऊन नुसतं माल उचलायला लावणारेही आहेत, त्यांचा मला मनापासून राग येतो. म्हणून सही करण्याआधी विचार: शिकवणार कोण? मिलिंगनंतर ग्राइंडिंगवर, मग व्हीएमसीवर पाठवणार का? करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का? ही नोंद महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय शेवटची परीक्षा देता येणार नाही, राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळणार नाही. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्यानं मालकावर आहे, पण कागदच नसेल तर भांडणार कशाच्या जोरावर? बसची आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची चौकशीही बिनदिक्कत कर. त्यात लाजायचं काही नाही.

मुलगी म्हणून तुला कुणी असेंब्लीलाच बसवू पाहील. हात नाजूक आहेत, ते काम जमेल, असं गोड बोलून. तू मशिनिस्ट आहेस, मशीनवरच उभी राहा. पुण्यात आज मुली अख्ख्या असेंब्ली लाइन चालवतात, त्याचा मला अभिमान आहे. पण टूल रूममध्ये मुली अजून फार थोड्या दिसतात आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते तिथेच.

पैशांची अडचण मला कळते. दाजींच्या औषधांचा खर्च आहे, धाकट्याची फी आहे. राहणं-जेवण आमच्याकडे कर, म्हणजे विद्यावेतन घरी पाठवता येईल. मामीशी बोलून झालंय, आतली खोली तुझ्यासाठी मोकळी करतोय. येताना आयटीआयची मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन ये. ठेकेदाराला अजून होकार कळवू नकोस. ताईशी मी स्वतः बोलतो.

तुझा,
मामा