शिल्लक सामान

महिंद्रा युनायटेड. मुंबईचा फुटबॉल संघ. कंपनीने क्लब काढला १९६२ साली, संघ मोडला २०१० साली. दरम्यान ड्युरंड कप तीनदा (१९९८, २००१, २००८), फेडरेशन कप दोनदा (२००३, २००५) आणि २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग. ती लीग जिंकणारा मुंबईचा हा पहिला संघ. पुढे एकाच मोसमानंतर लीगचं नाव बदलून आय-लीग झालं, म्हणजे शेवटचाही हाच.

आम्ही त्या संघाचे. आम्ही म्हणजे माहीममधली चार-पाच टाळकी. एक पानवेलीचा बागायतदार, एक शाळामास्तर, तारापूर एमआयडीसीत पाळीवर जाणारा मी, आणि ज्याला फुटबॉलपेक्षा मुंबईला जायचं निमित्त हवं असायचं असा एक. संघ गेला. त्याच्याबरोबर, त्याच्या आगेमागे, काय काय गेलं त्याची ही नोंद. क्रम लावलेला नाही.

कूपरेज मैदानावरचा शेजारी. मध्यंतरात हा हमखास विचारायचा, "कुठनं आलात?" "माहीम." "अरे, मग काय, अर्ध्या तासात घरी!" मग सांगावं लागे, ते माहीम नाही, पालघरचं, केळव्याजवळचं. मास्तर तेवढ्यावर थांबत नसत. पूर्वी तालुक्याचं नाव माहीम होतं, पालघर त्यातलं एक गाव होतं, रेल्वे तिकडून गेली आणि कचेऱ्याही तिकडे गेल्या, असा अख्खा धडा ते घेत. शेजारी सगळं ऐकून घेई आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे करी. ईस्ट इंडियन, गोवेकर, मलबारी, रेल्वेतले, पोर्ट ट्रस्टातले, निवृत्त गोलकीपर. नावं आम्ही एकमेकांना कधी विचारली नाहीत. संघ गेल्यावर ही माणसं शोधायची कुठे?

जीप. आम्ही याच संघाचे का झालो, याला सांगण्यासारखं कारण नाही. असलंच तर जीप. पालघर-मनोर-जव्हार रस्त्यावर महिंद्राच्या जीपगाड्या सीटवर चालायच्या. आत दाटीवाटीने दहा-बारा, मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळे, टपावर बोचकी आणि कोंबड्या. इंग्रजी पेपर या संघाला ‘जीपमेन’ म्हणत. मोहन बागान, ईस्ट बंगाल यांच्यामागे कोलकाता उभं. डेंपो, साळगावकर, चर्चिल यांच्यामागे गोवा. आमच्या संघामागे एक गाडी होती आणि त्या गाडीला आम्ही लोंबकळलो होतो. एवढी ओळख पुरली. माझं तर मत असं की संघ धरायला याहून मोठं कारण लागत नाही. कारणांची यादी देणारा पाठीराखा दोन पराभवांत गळतो.

गावात खेळ म्हणजे क्रिकेटच. आता तर शार्दुल ठाकूर आमच्याकडचा, त्यामुळे पालघरहून किटबॅग घेऊन लोकलमध्ये चढणारं पोरगं दिसलं की लोक सरकून जागा देतात. फुटबॉल बघायला निघालेल्या बाप्यांना कोणी जागा देत नव्हतं.

फ्लाइंग राणीचा डबल डेकर. या नोंदीतली ही वस्तू मला सगळ्यात प्रिय, म्हणून थोडं सविस्तर. सुरत-मुंबई फ्लाइंग राणीला दोन मजली डबे लागले १९७९ साली आणि निघाले जुलै २०२३ मध्ये. सकाळी पालघरला ती अशा वेळी यायची की मुंबईत पोचून पोटात काहीतरी ढकलून कूपरेज गाठायला भरपूर वेळ. वरच्या मजल्यावर वारा. खालच्या मजल्यावर बसलं की फलाट डोळ्यांच्या रेषेत येई आणि दिसायच्या त्या फक्त चपला. बोईसरच्या कारखान्यातले सेफ्टी शूज, मच्छीवाल्या बायकांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्लिपर, अंधेरीला उतरणाऱ्या बाबूंचे पॉलिश केलेले बूट. बागायतदार मामा नेहमी खालीच बसत. पायांवरून माणूस ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता, आणि फुटबॉल बघणाऱ्याने तो खोडायचं कारण नव्हतं.

परतीला मात्र राणी आमची वैरीण. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती मुंबई सेंट्रलहून सुटायची. कूपरेजवर सामना दुपारी उशिरा सुरू व्हायचा, म्हणजे राणी पकडायची तर शेवटची दहा-पंधरा मिनिटं सोडायची. संघ दोन गोलांनी पुढे असला तर निघायचं. मागे असला तरी निघायचं, असं ते निमित्तवाले म्हणत. बरोबरी असली की राणी गेली खड्ड्यात. मग विरारपर्यंत लोकल, विरारहून मिळेल ती शटल नाहीतर पॅसेंजर, पालघरला माहीमची शेवटची एसटी गेलेली, आणि आठेक किलोमीटरसाठी रिक्षावाल्याशी घासाघीस. पाणेरीच्या पुलावर वास आला की गाव जवळ आलं समजायचं. तो वास कारखान्यांच्या पाण्याचा. तो गेलेला नाही, म्हणून या यादीत त्याला जागा नाही.

चर्चगेटहून थेट डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली २०१३ मध्ये. जायची सोय झाली तेव्हा जायचं ठिकाण उरलं नव्हतं.

मुंबईच्या हारवूड लीगचा चिखल. मुंबईचा फुटबॉल पूर्वी पावसाळी खेळ होता. क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या की फुटबॉलची पाळी. कूपरेजचं गवत मोसमाच्या सुरुवातीला हिरवं, मग पिवळं, ऑगस्टमध्ये गोलसमोर नुसता काळा राडा. चेंडू जोरात मारला तरी डबक्यात ‘चप्’ करून बसायचा, आणि त्याच्यापुढे धावत गेलेला फॉरवर्ड वळून बघेपर्यंत मागचा बॅक तो उचलून न्यायचा. अशा मैदानावर वेगापेक्षा अंदाज मोठा. म्हातारे खेळाडू चिखलात तरुण होत. सामना संपता संपता बावीस जणांच्या जर्सींचा रंग एक झालेला असे, आणि आम्ही चालण्यावरून ओळखत असू की हा आपला. रेफ्री ओळखू यायचा तो स्वच्छतेवरून. आता तिथे कृत्रिम हिरवळ आहे. पाणी साचत नाही, पाय मुरगळत नाही, मुलं वर्षभर खेळतात. चांगलंच झालं. चिखलाची आठवण काढणारे आम्ही बाकावर कोरडे बसलेलो असायचो, हेही नोंदवतो.

रोव्हर्स कप. १८९१ला सुरू. सुरुवातीला गोऱ्या पलटणींची मक्तेदारी, १९३७ला बंगळूर मुस्लिम्सने ती मोडली, १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. आमच्या वाट्याला त्याचं म्हातारपण आलं. तरी रोव्हर्स लागला म्हणजे कोलकात्याचे, गोव्याचे, केरळचे संघ मुंबईत येणार आणि टीव्हीवर न दिसणारी माणसं समोर दिसणार, एवढं नक्की असे. २०००-०१ची स्पर्धा शेवटची ठरली, मोहन बागान विजेता. बंद झाल्याचं कोणी जाहीर केलं नाही. पुढच्या वर्षी भरली नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही, आणि मग विचारणंही बंद झालं.

ट्रान्झिस्टर. दिल्लीला ड्युरंडचा सामना असला की लावून बघायचा. बहुतेकदा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागे. मामांना तोही चाले.

पेपरातल्या दोन ओळी. क्रिकेटच्या खाली, बुद्धिबळाच्या वर किंवा खाली. ‘महिंद्र’ की ‘महिंद्रा’ हे वार्ताहरावर अवलंबून. गोल कोणी केला ते असे, कसा केला ते नसे. ते मास्तर भरून काढत, तेही न बघता.

तिकिटाचा अर्धुक. शर्टाच्या खिशात धुतला जाऊन त्याचा लगदा व्हायचा. माझ्याकडे एकही नाही.

मस्टरवर सही करणारा सेंटर फॉरवर्ड. ही जात आता दुर्मीळ आहे. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, सेंट्रल आणि वेस्टर्न रेल्वे, आरसीएफ, एअर इंडिया ही मुंबईची फुटबॉलमधली नावं. त्यांचा खेळाडू म्हणजे पगारी नोकर. सकाळी खात्यात हजेरी, दुपारी सराव, गुडघा गेला तर टेबलावर बदली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ग्रॅच्युइटी. पालघर, वसई, विरारकडची पोरं वडिलांना सांगू शकत, ‘खेळतो, म्हणजे नोकरी लागेल.’ वडील तेवढ्यासाठी बुटांचे पैसे देत. आमच्या एमआयडीसीतही काही कंपन्या क्रिकेट-कबड्डीचे संघ बाळगून होत्या, कामगार तिथे खेळावर लागलेले आहेत. पुढे कायम नोकरीच राहिली नाही, कंत्राट आलं. कंत्राटी कामगाराचा गुडघा कोण सांभाळणार? गिरण्या गेल्या तसे गिरण्यांचे संघ गेले. याबद्दल हळहळणाऱ्या लेखांत फुटबॉलचं प्रेम आटलं असं लिहिलेलं असतं. आटली ती नोकरभरती.

२००५-०६. प्रशिक्षक डेरिक परेरा. पुढे ब्राझीलचा जुझे बरेटो आणि घानाचा युसिफ याकुबू, बाजूने मुंबईचा स्टीव्हन डायस. बरेटो कोलकात्याचा देव. तो एक मोसम आमच्याकडे खेळला आणि तेवढ्यात लीग जिंकून परत मोहन बागानला गेला. मामा त्याला शेवटपर्यंत ‘बर्वेटो’ म्हणत आणि आपल्यातलाच समजत. मला मात्र डायस बघायचा असे. कॉर्नर मिळाला की तो चेंडू खाली ठेवी, पुन्हा उचली, जरा फिरवून ठेवी, दोन पावलं मागे. त्या दोन पावलांत आमच्या बाजूचे सगळे उभे राहिलेले असत. चेंडू आत वळून येई आणि पेनल्टी बॉक्समध्ये लाथाळी सुरू. गोल प्रत्येक वेळी होत नसे, उभं राहणं प्रत्येक वेळी होई. त्याच संघाच्या मधल्या फळीतला खालिद जमील पुढे प्रशिक्षक झाला, २०१६-१७ला त्याने मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, आणि २०२५ मध्ये भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला. ही बातमी गावात मी ज्याला ज्याला सांगितली त्याने त्याने विचारलं, "कोण?"

लीग जिंकल्यावर माहीममध्ये मिरवणूक निघाली नाही. मामांनी घरच्या पानांचे विडे सगळ्यांना दिले, बायकोला कारण सांगितलं नाही. फेडरेशन कप आणि लीग, दोन्ही एका मोसमात; त्यानंतर २००७ला आशियातल्या एएफसी कपमध्ये उपांत्यपूर्व फेरी. आम्हाला वाटलं, ही सुरुवात आहे.

२०१०ची बातमी. मोसम संपला की संघ बंद. कंपनी आता मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार, स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबला बरोबर घेऊन शाळांच्या स्पर्धा भरवणार, असं छापून आलं. त्या भरल्याही. पैसा कंपनीचा, निर्णय कंपनीचा. तक्रार करायला आमच्याकडे एक शेअरही नव्हता. पुढल्या वर्षी पंजाबच्या जेसीटीने संघ मोडला. २०१३ला एअर इंडिया आय-लीगमधून बाहेर. २००७ला निघालेला मुंबई एफसीही पुढे संपला. आता मुंबई सिटी आहे, अंधेरीला खेळते, दिव्यांच्या उजेडात, आणि दोनदा इंडियन सुपर लीगचा करंडकही उचललाय. मास्तरांचा नातू तिचा पाठीराखा आहे. त्याच्याकडे निळी जर्सी आहे, मोबाइलमध्ये तिकीट आहे, घरी यायला डहाणू लोकल आहे. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. मजा आली. पण मध्यंतरात कुणी कुठनं आलात म्हणून विचारलं नाही. आवाजच इतका होता की विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

आता जे गेलं नाही त्याची एक ओळ. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस हे संघ अजून शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठाच्या पेठा त्यांच्यामागे भांडतात. त्यांच्याकडे बरेटो नव्हता, राष्ट्रीय लीग नव्हती. पण ते संघ तालमींचे आहेत. तालीम मोडायचा ठराव कुठल्या संचालक मंडळाच्या बैठकीत होत नाही. आम्ही जीपवर प्रेम केलं, त्यांनी गल्लीवर. त्यांचं गणित बरोबर निघालं, हे कबूल करायला हवं.

शेवटी एक काम सांगतो. पालघर, केळवे, सफाळे, वसईकडच्या घरांत, निवृत्त रेल्वेवाल्यांच्या आणि गिरणीवाल्यांच्या माळ्यांवर, रोव्हर्सची तिकिटं, हारवूड लीगचे बिल्ले, कंपनीच्या संघांचे गट-फोटो अजून पडून असतील. दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे वर्ष आणि उभ्या असलेल्यांची नावं लिहा, डावीकडून उजवीकडे. ओळखणारं माणूस घरात आहे तोवरच लिहून घ्या.