ग्रॅम्बलिंगचं मैदान आणि आपली महाविद्यालयं

आपल्या अभ्यासवर्गात एक वाद हमखास निघतो. समाजातल्या हुशार पोरांनी आपल्याच संस्थांत शिकावं, की जिथं प्रवेश मिळेल तिथं जावं? कुणी म्हणतं, मोठ्या विद्यापीठात गेलेला पोरगा परत वस्तीकडे बघत नाही. कुणी म्हणतं, गळक्या वर्गात बसून त्यानं कुणाचा उद्धार करायचा? दोन्ही बाजू तावातावानं बोलतात, चहा येतो आणि वाद तिथंच राहतो. मला या वादाचं उत्तर बऱ्याच अंशी एका भलत्याच ठिकाणी सापडलं : अमेरिकेतल्या लहान कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या फुटबॉल संघांत.

हे फुटबॉल आपलं नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, डोक्यावर हेल्मेट चढवून खेळायचा तो अमेरिकी खेळ. तिथं महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे प्रचंड पैशाचा धंदा आहे. लाखभर प्रेक्षक मावतील अशी स्टेडियमं विद्यापीठांच्या मालकीची आहेत. मग आंबेडकरी कार्यकर्त्यानं त्यात का डोकावावं? कारण तिथल्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. हे डू बॉइस फिस्क विद्यापीठात, म्हणजे अशाच एका कृष्णवर्णीयांच्या संस्थेत शिकलेले. पुढे १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर उभी केली. त्यांच्या लढ्याची नावं आपण घेतली, तर त्यांच्या संस्थांचं पुढं काय झालं हेही आपल्याला माहीत असायला हवं.

लुइझियाना राज्यातलं ग्रॅम्बलिंग घ्या. १९०१ साली तिथल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे विद्यापीठ झाली. १९४१ साली एडी रॉबिन्सन नावाचा तरुण तिथं फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून आला. मैदानावरचं गवत तोच कापायचा. सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राला तोच धाडायचा. संघ परगावी निघाला की सँडविच बांधून घ्यायचा, कारण वाटेतल्या गोऱ्यांच्या हॉटेलांत त्याच्या पोरांना बसू देत नसत. दुसऱ्याच वर्षी, १९४२ साली, त्याच्या संघानं सगळे सामने जिंकले आणि प्रतिस्पर्ध्याला एक गुणसुद्धा मिळू दिला नाही. १९९७ साली रॉबिन्सन निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ४०८ विजय होते आणि त्यांच्या हाताखालचे दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचले होते. त्यांच्यातलाच डग विल्यम्स १९८८ साली सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा मेंदू. ही जागा काळ्या माणसाच्या डोक्याला झेपणार नाही, असं तोवर उघड बोललं जायचं. ही भाषा आपल्याला ओळखीची आहे.

आता मुद्द्यावर येऊ. इतक्या लहान संस्थेत इतके खेळाडू कुठून आले? उत्तर कडू आहे. दक्षिणेतली गोऱ्यांची विद्यापीठं काळ्या मुलांना संघात घेत नव्हती, म्हणून ते ग्रॅम्बलिंगला, जॅक्सन स्टेटला येत. बहिष्कृतांना बहिष्कृतांच्याच अंगणात खेळावं लागत होतं. १९७० साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघानं अलाबामाला त्यांच्याच राज्यात, बर्मिंगहॅममध्ये, ४२-२१ असं हरवलं. त्या विजयात सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूचा मोठा वाटा होता. अलाबामानं तोवर आपला पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक घेतला होता, पण तो अजून मुख्य संघात खेळत नव्हता. त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांची दारं काळ्या खेळाडूंसाठी भराभर उघडली. हे हृदयपरिवर्तन नव्हतं. हरायचं नसेल तर काळा खेळाडू लागतो, एवढा हिशोब त्यांना कळला होता.

दार उघडलं हे चांगलंच झालं. त्यावर नाराज होणं म्हणजे बहिष्काराचं गुणगान करणं होय. पण दारातून काय गेलं आणि काय आलं, हे तपासलं पाहिजे. खेळाडू गेले, एकेक करून, सगळ्यात चांगले आधी. त्या बदल्यात ग्रॅम्बलिंगला गोऱ्यांच्या विद्यापीठांची व्यायामशाळा मिळाली नाही, त्यांचं अनुदान मिळालं नाही, त्यांच्या देणगीदारांची यादी मिळाली नाही. समतेच्या नावानं एकाच दिशेची वाहतूक सुरू झाली. पन्नास वर्षांनी लोक विचारू लागले, या संस्थांचा दर्जा का घसरला?

दर्जाची गोष्ट निघाली की मी लोकांना एक आकडा सांगतो. अमेरिकेत १८९० च्या कायद्यानं काही कृष्णवर्णीय संस्थांना सरकारी जमीन-अनुदान योजनेत घेतलं गेलं. २०२३ साली केंद्र सरकारच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. त्याच राज्यांतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या तुलनेत या संस्थांना सुमारे तीन दशकांत १२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली, असा त्या पत्रांतला हिशोब होता. एकट्या टेनेसी स्टेटचे २ अब्जांहून अधिक. आधी ताटातलं काढून घ्यायचं आणि मग पोरगा अशक्त का म्हणून विचारायचं, अशातला हा प्रकार.

ताट रिकामं झालं की काय होतं, ते मैदानावर दिसतं. टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू विद्यापीठानं पैशाअभावी १९९० साली संघच बंद ठेवला. पुढच्या वर्षी संघ परत उतरला तो शिष्यवृत्तीशिवाय. १९८९ ते १९९८ या काळात तो सलग ८० सामने हरला. जॉर्जियातल्या सव्हाना स्टेटनं २०१२ साली दुसराच मार्ग धरला. अमेरिकेत मोठी विद्यापीठं लहान संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. त्यांना खात्रीचा विजय मिळतो, लहान संघाला वर्षाचा खर्च. सव्हाना स्टेटचा संघ ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० आणि आठवड्यानं फ्लोरिडा स्टेटकडून ५५-० असा हरला. दुसरा सामना तर विजांमुळे अर्ध्यावरच थांबवावा लागला. बुटांचे, बसचे, डॉक्टरांचे पैसे उभे करायला अठरा-वीस वर्षांची पोरं आपली हाडं पणाला लावत होती. पुढे २०१९ साली त्या विद्यापीठानं खालच्या श्रेणीत जाणं पत्करलं.

आणि खुद्द ग्रॅम्बलिंग? २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या खेळाडूंनी जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जाणाऱ्या बसमध्ये बसायला नकार दिला. खेळाडूंच्या खोल्यांत बुरशी धरलेली, सामन्यांसाठी इंडियानापोलिससारख्या लांबच्या शहरापर्यंत बसनं प्रवास, आणि प्रशिक्षक असलेल्या डग विल्यम्सना काढून टाकलेलं, या त्यांच्या तक्रारी होत्या. सामना सोडून द्यावा लागला. प्रशासनाला दोष देणं सोपं होतं आणि काही दोष त्यांचा होताही. पण राज्यानं गेल्या काही वर्षांत त्या विद्यापीठाचं अनुदान निम्म्याहून जास्त कापलं होतं, ही गोष्ट बातमीच्या तळाशी राहिली. पोरांनी संप केला तो आपल्याच माणसांविरुद्ध दिसला. कापणारा हात मात्र लांब राजधानीत होता.

मग तारणहार आला. माजी खेळाडू डिऑन सँडर्स २०२० साली जॅक्सन स्टेटचा प्रशिक्षक झाला. कॅमेरे आले, प्रायोजक आले. देशातला अव्वल मानला जाणारा ट्रॅव्हिस हंटर हा मुलगा फ्लोरिडा स्टेट सोडून २०२१ साली जॅक्सन स्टेटला आला. दोन वर्षं सलग अजिंक्यपद मिळालं. त्याच काळात, २०२२ साली, जॅक्सन शहराची पाणीयोजना कोलमडली आणि बहुसंख्य काळ्या वस्तीच्या त्या राजधानीत नळाला पाणी नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये सँडर्स कोलोरॅडो विद्यापीठात निघून गेला. हंटरही त्याच्या मागोमाग गेला आणि २०२४ चा हाइजमन हा सर्वोच्च पुरस्कार त्यानं तिथंच मिळवला.

आमच्यातले काहीजण यावर लगेच 'गद्दार' म्हणतील. मला ते पटत नाही. प्रत्येक वेळी त्यागाची अपेक्षा गरिबाच्याच पोराकडून का? श्रीमंताच्या मुलानं विद्यापीठ बदललं तर ती प्रगती, आणि आपल्या पोरानं बदललं तर समाजद्रोह? एका खेळाडूच्या नैतिकतेवर संस्था तगत नसते. एका नेत्याच्या वलयावर तर नाहीच. तारणहार येतो तेव्हा तो आपली गर्दी घेऊन येतो आणि जाताना ती घेऊनच जातो. जॅक्सन स्टेटबद्दल मला भावतं ते त्यानंतरचं. तिथलेच माजी विद्यार्थी असलेले टी. सी. टेलर प्रशिक्षक झाले आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या संघानं कृष्णवर्णीय महाविद्यालयांचा सेलिब्रेशन बोल जिंकला. कॅमेरे तेव्हा कोलोरॅडोकडे होते.

दुसरं उदाहरण कोर्टातलं आहे. मेरीलँड राज्यात चार कृष्णवर्णीय संस्थांचे माजी विद्यार्थी आणि समर्थक २००६ साली न्यायालयात गेले. त्यांच्या संस्थांत चाललेले अभ्यासक्रम राज्यानं शेजारच्या गोऱ्यांच्या विद्यापीठांत पुन्हा उघडले, त्यामुळे विद्यार्थी तिकडे वळले, असं त्यांचं म्हणणं होतं. पंधरा वर्षं खटला चालला. २०२१ साली राज्यानं दहा वर्षांत ५७ कोटी ७० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. ती देणगी नव्हती, थकबाकी होती. या दोन शब्दांत सगळं राजकारण आहे.

आणि तिसरं उदाहरण खेळ सोडून देण्याचं. अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय महिला महाविद्यालयानं २०१२ साली हिशोब मांडला : सुमारे ८० खेळाडूंच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवर वर्षाला जवळजवळ दहा लाख डॉलर जातात आणि विद्यार्थिनी आहेत दोन हजारांवर. त्यांनी स्पर्धांतून अंग काढून घेतलं आणि तो पैसा सगळ्या मुलींच्या आरोग्यासाठी वळवला. फुटबॉलवेड्या देशात हा निर्णय घ्यायला हिंमत लागते. दुसऱ्यानं आखलेल्या शर्यतीत शेवटचं येत राहायचं, की आपली शर्यत आपण ठरवायची, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

मित्रांनो, आता आपल्याकडे या. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० ला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या कितीतरी घरांतला पहिला पदवीधर मिलिंदमधून निघाला. दलित साहित्याची एक अख्खी पिढी तिथल्या वसतिगृहात घडली. मी स्वतः आपल्याच माणसांनी चालवलेल्या एका महाविद्यालयात शिकलो. ग्रंथालयाचं छप्पर पावसात गळायचं आणि कबड्डीचा संघ जिल्ह्याला स्वखर्चानं जायचा. तिथल्या प्राध्यापकांनी मला जे दिलं ते कुठल्या मूल्यांकनाच्या तक्त्यात बसत नाही. पण त्या तक्त्यावरच अनुदान ठरतं, आणि तक्ता आखणारे कधी त्या ग्रंथालयात बसलेले नसतात.

म्हणून सुरुवातीच्या वादात मी दोन्ही बाजूंना एकच सांगतो. पोराला जिथं जायचं तिथं जाऊ द्या. त्याला अडवून संस्था वाचणार नाही. अडवायचंय ते निधी पळवणाऱ्याला. सामाजिक न्याय खात्याचा पैसा दुसऱ्या योजनेकडे वळवला गेल्याची तक्रार २०२५ साली खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीरपणे केली. त्यावर आपण किती माहिती अधिकाराचे अर्ज टाकले? किती जण कोर्टात गेलो? जयंतीच्या डीजेला वर्गणी गोळा होते, तशी महाविद्यालयाच्या व्यायामशाळेला का होत नाही? आणि संस्थेचे विश्वस्त आपसात खटले खेळत असतील, तर त्यांना जाब विचारणं हा समाजद्रोह नाही, ते आपलं कर्तव्य आहे. ग्रॅम्बलिंगच्या पोरांनी बसमध्ये बसायला नकार दिला तो संस्था बुडावी म्हणून नव्हे. त्यांना त्याच मैदानावर नीट खेळायचं होतं.

तुमच्या तालुक्यात आपली अशी कोणती संस्था आहे, तिला गेल्या पाच वर्षांत किती अनुदान मंजूर झालं आणि किती हातात पडलं, एवढं या महिन्यात शोधून काढा. मोठी चर्चा नंतर करू. आकडे घेऊन या.

जय भीम!