उरलेसुरले राज्य

बडोद्यासारख्या विलीन झालेल्या संस्थानच्या राजधानीत आमचे आयुष्य गेले. मुजरे, पोशाख आणि मानाची पाने यांच्या गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने राजांची मान्यता व तनखे संपले आणि त्या गोष्टी कायमच्या भूतकाळात गेल्या. म्हणूनच मलेशियात काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा राजरीत ही तेथे आठवण नसून राज्यकारभाराचा चालू भाग आहे, याचे आम्हांला मोठे नवल वाटले.

रमजानपूर्वी एका संध्याकाळी आमच्या यजमानांच्या घरी सगळे दूरचित्रवाणीसमोर बसले. पडद्यावर आलेले गृहस्थ मौलवी नव्हते. ते होते राजमुद्रारक्षक, म्हणजे सुलतानांच्या परिषदेचे सचिव. उपवास कोणत्या दिवशी सुरू होणार, एवढेच राजाज्ञेने सांगून ते गेले. मलाय भाषेत उपवासाला 'पुआसा' म्हणतात आणि धर्माला 'आगामा'. सुलतानाच्या बिरुदातला 'दुली' म्हणजे आपली धूळच, अर्थात चरणधूळ. इस्लामचा कारभार संस्कृताच्या जुन्या शब्दांत चाललेला ऐकून आम्हांला गंमत वाटली. त्याचे मूळ मात्र शब्दांत नव्हे, एका तहात आहे.

१८७४ साली पांकोर येथे इंग्रजांनी पेराकच्या गादीशी करार केला. मलाय धर्म व रूढी एवढ्या वगळून बाकी सर्व बाबतींत सुलतानाने रेसिडेंटाचा सल्ला घ्यावा आणि त्याप्रमाणे वागावे, असे त्यात ठरले. पहिला रेसिडेंट बर्च याचा पुढच्याच वर्षी खून झाला, पण ती पद्धत टिकली. रेसिडेंट म्हणजे काय, हे बडोदेकरांना सांगायला नको. महसूल, पोलीस, खजिना हातचे गेले आणि सुलतानाकडे उरली मशीद आणि मानपान. साहेबांना निरुपद्रवी वाटलेल्या त्या उरल्यासुरल्या गोष्टींवरच सुलतानांनी आपले राज्य पुन्हा उभारले. केलांतानमध्ये १९१५ साली इस्लाम धर्म व मलाय रूढी यांची परिषद स्थापन झाली. धर्म आणि आचार एकाच दप्तरात बांधले गेले.

१९५७ साली स्वातंत्र्य आले, तेव्हा ते दप्तर राज्यघटनेने जपून ठेवले. नऊ राजघराण्यांतून दर पाच वर्षांनी एक सम्राट निवडला जातो. आपापल्या राज्यात सुलतान हाच इस्लामचा प्रमुख असतो. पेनांग, मलाक्का, साबा, सारावाक येथे सुलतान नाहीत, म्हणून तेथे तो मान सम्राटाकडे जातो. 'तुन', 'तान श्री' या पदव्या सम्राट देतो, तर 'दातो' राज्याराज्यांतून मिळतो. शरीयत न्यायालये, जकात, मशिदी हा सारा राज्यांचा विषय आहे. आपल्या घटनेच्या अठराव्या कलमाने पदव्या मोडीत काढल्या. तेथे त्या रीतसर वाटल्या जातात, आणि घराच्या दारावरच्या पाटीवर दिमाखाने झळकतात.

हे पाहून आम्हांला प्रथम थोडा हेवा वाटला. नंतर कळले, की घटनेच्या एकशेसाठाव्या कलमानुसार मलाय तोच, जो इस्लाम मानतो, मलाय भाषा बोलतो आणि मलाय रूढी पाळतो. म्हणजे राजाच्या हाती उरलेली गोष्ट आता प्रजेची ओळख झाली आहे. २००७ साली एका स्त्रीने ओळखपत्रावरील 'इस्लाम' हा शब्द काढून मागितला. शरीयत न्यायालयाच्या दाखल्यावाचून तो निघणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला.

इंग्रजांनी जे सोडले, ते सुलतानासाठी आश्रय होते. त्या भिंतीआड एका पराभूत समाजाने आपले पण राखले, हे आम्ही विसरत नाही. पण आश्रयाच्या घराचे दार आतूनही उघडता यावे लागते. आमच्या बडोद्यात राजा गेला, मानपान गेले, आणि त्याची हळहळ अजून कुणाकुणाच्या बोलण्यात ऐकू येते. तरी आम्ही कोण, हे आम्हांला कोणत्याही खात्याला विचारावे लागत नाही, एवढे समाधान आम्ही त्या हळहळीशेजारी ठेवतो.