रोलबॅकची एक ओळ

गेले तीन आठवडे मी लायब्ररीत पडीक आहे. आईला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, जरा वाचन तरी होईल." आता तिला कसं सांगू की या लायब्ररीत पुस्तक एकच आहे, चोवीसशे ओळींचं, आणि ते सहा-सात जणांनी आपापल्या मूडप्रमाणे लिहिलंय!

तर ही लायब्ररी म्हणजे आमच्या सगळ्या सर्व्हिसेस आणि पोस्टग्रेस डेटाबेस यांच्या मधला दुभाषा. कनेक्शन द्यायचं, परत घ्यायचं, क्वेरी पाठवायची, चुकलं तर ओरडायचं, एवढंच तिचं काम. आतून ती सायकोपीजी२ वापरायची. त्याचा पुढचा अवतार, सायकोपीजी ३, २०२१ सालीच आला, पण आमच्याकडे "चालतंय ना, मग कशाला हात लावता" हे धोरण असल्यामुळे आम्ही जागचे हललो नव्हतो. या वेळी दोन रिलीजच्या मधे तीन आठवडे मिळाले आणि मॅनेजर म्हणाला, तू कर. मीच का? कारण मागच्या वर्षी ती मीच बिघडवली होती. हे त्याला माहीत नव्हतं बरं का. मला होतं.

झालं होतं असं. आमच्या लीडने स्वतः लिहिलेला एक कनेक्शन पूल त्यात होता. कनेक्शन परत आलं की पुन्हा फळीवर ठेवण्याआधी तो त्यावर रोलबॅक मारायचा. मी साफसफाई करत होते. म्हटलं, नव्वद टक्के ठिकाणी नुसतं सिलेक्ट आहे, वाचलेल्या गोष्टीचं रोलबॅक काय करायचं? दर वेळी सर्व्हरकडे एक फुकटची फेरी. काढली ओळ. एकशे ऐंशी टेस्ट होत्या, सगळ्या हिरव्यागार.

आता यातली गंमत (त्या रात्री अजिबात गंमत वाटली नव्हती) अशी आहे. पायथनच्या डीबी-एपीआयच्या नियमानुसार ऑटोकमिट मुळात बंद असतं. म्हणजे साधं सिलेक्ट मारलं तरी मागे ट्रान्झॅक्शन उघडतं, आणि कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत उघडंच राहतं. त्या सिलेक्टने टेबलावर अगदी हलकं असं एक लॉक घेतलेलं असतं. तेही ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. एरवी या लॉकचा कुणाला त्रास नसतो. वाचणारे वाचतात, लिहिणारे लिहितात. पण रिलीजच्या रात्री आम्ही एक कॉलम वाढवायला ऑल्टर टेबल चालवलं. त्याला टेबल पूर्ण एकट्यासाठी हवं असतं, म्हणून ते थांबून राहिलं. आणि पोस्टग्रेसमध्ये लॉकची रांग असते. ऑल्टर टेबल दारात उभं राहिलं की त्याच्या मागून आलेली साधी सिलेक्टसुद्धा त्याच्याच मागे उभी राहतात. जे काम काही मिलिसेकंदांत व्हायचं, त्यासाठी आख्खं सिस्टिम चाळीस मिनिटं गप्प.

रात्री दीडला लीडने पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी उघडून बघितलं. ओळीने 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. दोन मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग ती सेशन्स मारली, ऑल्टर सुटलं. सकाळच्या कॉलवर क्लायंटने विचारलं तेव्हा म्हणाला, पूलमध्ये आमच्याकडून चूक झाली, दुरुस्त केलीय. "आमच्याकडून." मी म्यूटवर होते आणि म्यूटवरच राहिले. दोन महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला. त्या प्रकरणामुळे नाही, त्याचं आधीच ठरलं होतं. पण निरोपाच्या केकचा तुकडा काही माझ्या घशाखाली उतरला नाही.

असो. या वेळी मी पहिला आठवडा एकही ओळ बदलली नाही. आधी जुन्या टेस्ट वाचल्या. सगळीकडे खोटा डेटाबेस, मॉक! मॉकला आपण जे शिकवतो तेच तो आपल्याला परत सांगतो. पोपटाला विचारून भविष्य बघण्यातला प्रकार. मॉकला लॉक माहीत नाही, रांग माहीत नाही. मग डॉकरमध्ये खरा पोस्टग्रेस उभा केला आणि जुनी लायब्ररी आज कशी वागते, तेवढंच टेस्टमध्ये उतरवत गेले. बरोबर की चूक, तो विचार नंतर. कंटाळवाणं काम आहे, पण हातात चहा असेल तर होतं.

मग नवीन सायकोपीजी घातलं आणि चौतीस टेस्ट लाल झाल्या. खरं सांगते, बघून बरं वाटलं. बऱ्याच ठिकाणी 'इन' नंतर टपल दिला होता. जुनं सायकोपीजी मूल्यं स्वतःच क्वेरीत चिकटवून पाठवायचं, त्यामुळे ते खपून जायचं. नवीन क्वेरी आणि मूल्यं वेगवेगळी पाठवतं, तिथे 'एनी' आणि लिस्ट लागते. दुसरं म्हणजे 'विथ' ब्लॉक. जुन्यात तो संपला की फक्त ट्रान्झॅक्शन मिटायचं, नव्यात कनेक्शनच बंद होतं, आणि आमचा कोड तेच कनेक्शन खुशाल पुन्हा वापरत होता.

तिसरी भानगड सगळ्यात लबाड. तीच क्वेरी पाचदा चालली की नवीन सायकोपीजी ती आपणहून प्रिपेअर करून ठेवतं. आमच्या मधे पीजीबाउन्सर आहे, जुना, ट्रान्झॅक्शन मोडमधला. तिथे पुढची क्वेरी भलत्याच सर्व्हर कनेक्शनवर जाऊ शकते, जिथे ते प्रिपेअर केलेलं नसतंच. क्वेरी एकेकदा चालवणाऱ्या टेस्टला हे जन्मात कळलं नसतं. मी पीजीबाउन्सरही डॉकरमध्ये आणला, क्वेरी वीस-वीसदा फिरवल्या, तेव्हा सापडलं. तूर्तास प्रिपेअर बंद करून टाकलंय.

आणि ती ओळ. तिच्यासाठी टेस्ट अशी लिहिली: पूलमधून कनेक्शन घ्या, सिलेक्ट मारा, परत करा. मग दुसऱ्या कनेक्शनवर लॉक टाइमआउट एक सेकंद ठेवून त्याच टेबलावर ऑल्टर टेबल चालवा. ते झालंच पाहिजे. आधी रोलबॅक काढून बघितलं. एक सेकंद, आणि लाल. परत घातलं. हिरवं. हे मी चार वेळा केलं. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी तसं काही कारण नव्हतं.

मग गिटमध्ये त्या ओळीचा मूळ कमिट शोधला. लीडने तिथे कारण लिहून ठेवलं होतं, एका ओळीत, ऑल्टरच्या रांगेसकट. ओळ काढण्यापूर्वी मी हे उघडून बघायला हवं होतं. अर्धा मिनिट लागला असता.

काल रात्री त्याला मेसेज केला. "पूलमधली रोलबॅकची ओळ मागच्या वर्षी मी काढली होती."

उत्तर लगेच आलं. "अगं, माहितीये. त्याच रात्री गिट ब्लेम बघितला होता." आणि मग, "टेस्ट आहे का आता?"

"आहे."

"मॉक?"

"नाही. खरा पोस्टग्रेस."

त्याने अंगठा पाठवला. रिलीज मंगळवारी आहे.