खुंट्यावरचा दुसरा हात

मनुष्यावर दुःख कोसळले म्हणजे पहिले तेरा दिवस त्याला एकटे राहू द्यावयाचे नाही, असा आपल्या समाजाचा जणू नियमच आहे. घरात माणसांची ये-जा असते. शेजारीपाजारी पिठले-भाताचे पातेले आणून ठेवतात. वर्षानुवर्षे ज्यांची गाठ पडली नाही असे सोयरेही दारात उभे राहतात. चौदाव्या दिवशी सतरंज्या गोळा होतात, ज्याचा तो आपल्या कामाला लागतो, आणि खरे दुःख त्यानंतर उंबऱ्याशी वहाणा काढून सावकाश घरात येऊन बसते. आम्हांस हा अनुभव आयुष्याच्या उतरणीवर आला. आमची सहधर्मचारिणी भाद्रपदात निवर्तली. मुलगी परदेशातून आली, पंधरा दिवस राहिली आणि आपल्या संसाराकडे परत गेली. तिने जावे असे आम्हीच तिला सांगितले होते. तरीही तिची गाडी दृष्टीआड झाली तेव्हा तिने आमचे इतके मनावर घ्यावयास नको होते, असे वाटल्यावाचून राहिले नाही.

कार्तिकात आम्ही पुण्यातील बिऱ्हाड बंद करून किकवीस आलो. भोर तालुक्यातील हे गाव पुणे-सातारा रस्त्यावर, कापूरहोळ मागे पडल्यावर आणि नीरा ओलांडून शिरवळ लागण्यापूर्वी येते. १९४८ पर्यंत हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. आमच्या आजोबांनी घर बांधले ते त्या काळी. सुट्टीपुरते येऊन आंबे खाऊन परत जावे, एवढाच आमचा आणि या घराचा आजवरचा संबंध. आता रात्री अंथरुणावर पडले की मोठ्या रस्त्यावरील मालमोटारींचा आवाज पहाटेपर्यंत ऐकू येई. इतकी माणसे जवळून जात आहेत आणि त्यांतील एकही आपल्यासाठी थांबणार नाही, हा विचार निर्जन अरण्यातल्या एकांतापेक्षाही अधिक बोचतो, असे आम्हांस तेव्हा कळले.

देवाचा धावा आम्ही केला नाही असे नाही. परंतु त्यातही एक अडचण होती. आमच्या घरी पूजा करी ती पत्नी. ती देव्हाऱ्यासमोर पाटावर बसे, आणि आम्ही शेजारच्या पाटावर वर्तमानपत्र उघडून चहाची वाट पाहत असू. तिच्यामागे तिचा पाट दृष्टीस पडू नये म्हणून आम्ही तो माळ्यावर टाकला, आपल्या पाटावर बसून गंध-फूल वाहू लागलो, आणि चाळीस वर्षे ज्याच्याशी बोललो नाही त्याच्याकडून तत्काळ उत्तराची अपेक्षा करू लागलो. उत्तर आले नाही. स्नेह्यांची पत्रे आली. त्यांत देव आपल्या प्रिय भक्तांचीच परीक्षा पाहतो, असे लिहिलेले असे. हा मजकूर कितीही सद्हेतूने लिहिला असला, तरी ज्याचे घर रिकामे झाले आहे त्याला तो परीक्षकाच्या निष्ठुरपणाचीच आठवण करून देतो. माणसे गेली याचे दुःख होतेच. त्यात देवानेही आपणांस टाकले, ही भावना मिसळली. पौष संपेपर्यंत आमची पूजा केवळ हातांनी चालली होती.

माघातील एका सकाळी शेजारच्या मावशींनी भिंतीवरून हाक मारली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढचे. आम्ही शिक्षक होतो म्हणून त्या आम्हांस गुरुजी म्हणतात. तुरी भरडावयाच्या होत्या, आणि त्यांची भाची शिरवळच्या कारखान्यात कामाला गेली होती.

"गुरुजी, मोकळं असाल तर जरा हात लावता का जात्याला? एकटीच्यानं आता वढवत न्हाई."

आमच्या साऱ्या आयुष्यात आम्ही जात्याला हात लावला नव्हता. तथापि नकार देण्यास कारण सुचेना, म्हणून गेलो. मावशींनी समोर बसविले, खुंटा कसा धरावा ते दाखविले, आणि एका हाताने तुरीचा घास जात्याच्या तोंडात घालीत दुसऱ्या हाताने फिरवू लागल्या. प्रथम आमचा हात त्यांच्या हाताशी भांडत राहिला. मग त्यांनी हलक्या आवाजात ओवी धरली, आणि ओवीच्या लयीने आमचा हात हळूहळू वळणावर आला. अर्धी पाटी झाल्यावर आम्ही दम खाण्यास थांबलो आणि सहज विचारले, "मावशी, पूर्वी समोर कोण बसत असे?"

त्यांच्या यजमानांविषयी आम्ही लहानपणी कानांवर येईल तेवढेच ऐकले होते. लग्नानंतर तीन वर्षांनी ते मुंबईस गिरणीत गेले, तेथे दुसरा संसार थाटला आणि परत आले नाहीत. मावशी माहेरी येऊन राहिल्या. भाऊ-भावजय शेतावर जात. पहाटेचे दळण मावशींच्या वाट्याला.

"समूर कोण असणार? इठूबा बसायचा," त्या म्हणाल्या. "खुंट्याची दुसरी बाजू मोकळीच व्हती की. मी म्हनायची, बस बाबा, तुला तरी कुठं काम हाय!"

हे सांगताना त्यांच्या मुद्रेवर भक्तीचा कसलाही आविर्भाव नव्हता. शेजारणीविषयी बोलावे तसे त्या बोलल्या, आणि पुन्हा जाते फिरवू लागल्या.

आम्ही घरी आलो ते हे वाक्य घेऊन. जनाबाईची कथा आम्ही वर्गात शेकडो मुलांना शिकविली होती. गोदाकाठच्या गंगाखेडची पोर, लहानपणीच आईबापांपासून दुरावून पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी होऊन राहिली. आणि तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागला, शेण्या वेचू लागला. पंढरपुराजवळ गोपाळपुरास तिचे म्हणून एक जाते यात्रेकरूंना दाखवितात. ही कथा आम्ही चमत्कार म्हणून सांगत आलो, आणि मुलांनी शंका काढल्यास भक्तीची अतिशयोक्ती म्हणून ती मिटवीत आलो. जाते हे मुळात दोघींचे काम आहे, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानात कधी आली नव्हती. एकटीला ते ओढता येते, परंतु प्रत्येक फेऱ्यास समोरची रिकामी जागा दिसत राहते. जनाबाईने आपला देव सिंहासनावर शोधला नाही. त्या रिकाम्या जागी त्याला बसविले. तिचे एकटेपण नाहीसे झाले असे कोठेच दिसत नाही. ती अखेरपर्यंत दासीच राहिली, दळण रोजचेच राहिले. फरक पडला तो इतकाच की खुंट्यावर दुसरा हात आला.

हे केवळ जनाबाईचे नव्हे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर जाते. त्या कामाची सुरुवात पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातच झाली, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने त्या ओव्या क्रमाने प्रसिद्ध केल्या आहेत. त्यांत वनवासी सीतेच्या ओव्या पुष्कळ आहेत. रामाने टाकलेली, गरोदर, रानात एकटी उभी असलेली सीता आणि तिचे अश्रू पुसणाऱ्या बोरी-बाभळी, हे चित्र ज्या बायकांनी पिढ्यानुपिढ्या गाइले, त्यांना शास्त्रीबुवांचे समाधान उपलब्ध नव्हते. सासरी दुःख ऐकणारे कोणी नाही, म्हणून त्या जात्यालाच देव मानून त्याच्यापाशी बोलत. पहाटेच्या काळोखात मन मोकळे करावयास तेवढी एकच जागा होती, आणि तेथे खोटे बोलण्याचे प्रयोजन नव्हते.

आमच्या पूजेत नेमके हेच नव्हते. आम्ही देवासमोर नीटनेटके बसत होतो. तक्रार मात्र मनात दाबून ठेवीत होतो, कारण सुशिक्षित मनुष्याने देवाशी भांडणे शोभत नाही, अशी आमची समजूत. तुकोबांची समजूत अशी नव्हती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पत्नी अन्नावाचून गेली, मूल गेले, व्यापार बुडाला. आणि त्यांच्या गाथेत विठ्ठलाला केलेल्या विनवण्यांइतकीच त्याला दिलेली दूषणेही सापडतात. जो आपले ऐकतो अशी खात्री असते, त्याच्याशीच मनुष्य भांडतो. रागावून देवाला काही बोलावे, तर बोलण्यापुरता तरी तो समोर आहे हे मान्य करावे लागते. सांत्वनाचा आरंभ बहुधा तेथूनच होत असावा.

येथे एक गोष्ट कबूल केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मावशींच्या समोर विठोबा बसत होता त्या काळात आम्ही भिंतीच्या पलीकडेच होतो. प्रत्येक मे महिन्यात त्यांच्या हातची लोणची बरणी भरून पुण्यास नेली. त्यांचे कसे चालते, हे आमच्या घरातील कोणी एकदाही विचारले नाही. टाकलेल्या बाईची विचारपूस करणे म्हणजे नसते लचांड, अशी वडीलधाऱ्यांची शिकवण, आणि मोठेपणी तीच आम्ही सोयीने पाळली. तेव्हा तिला देव पुरेसा होता असे आज म्हणणे आम्हांस शोभणार नाही. देवाला त्या जागी बसावे लागले, कारण बसू शकणारी माणसे उठून गेली होती. ईश्वराच्या सांत्वनाची महती सांगताना आपण पुष्कळदा आपलीच गैरहजेरी झाकतो. आणि ज्या बाईला आम्ही कधी हात दिला नाही, तिनेच आम्हांस हाक मारून समोर बसविले.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही माळ्यावर चढून पत्नीचा पाट खाली काढला. पुसून देव्हाऱ्यासमोर, आपल्या पाटाच्या शेजारी मांडला. त्यावर कोणी येऊन बसेल, ही अपेक्षा नव्हती. जागा रिकामी आहे हे लपविण्याचे कारण उरले नाही, इतकेच. समोर बसून, चार महिन्यांत मनात साठले होते ते सर्व मोठ्याने बोललो. शब्द फारसे चांगले नव्हते. वर्गात एखाद्या मुलाने ते उच्चारले असते तर त्यास आम्ही उभे केले असते. उत्तर त्या दिवशीही आले नाही. परंतु आपण भिंतीशी बोलत आहो असे, कितीतरी दिवसांनी, वाटले नाही.

असो. दुःख गेले असे लिहून वाचकांस फसविण्याची आमची इच्छा नाही. रस्त्यावरील मालमोटारी पूर्वीसारख्याच पहाटेपर्यंत धावतात, आणि चहा गाळताना हात अजून दुसऱ्या कपाकडे जातो. मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी, भाचीची पाळी सकाळची असते तेव्हा, आम्ही न बोलावता भिंतीपलीकडे जातो. भरडावयास नेहमीच काही असते असे नाही. कधी नुसतेच ओट्यावर बसतो. परवा मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तुमी यायला लागल्यापासनं इठूबाला जरा इसावा मिळालाय बघा."

आम्ही हसलो, आणि खुंटा हाती घेतला.