कुणी न मागितलेल्या जाहिराती

जाहिरातीच्या धंद्यात माझी सुरुवात एक्सेलच्या तक्त्यातून झाली. पहिल्या रकान्यात इंग्रजी ओळ, शेजारी हिंदी, मग मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ. मराठीचा रकाना भरणं हे माझं काम. फिल्म आधीच हिंदीत शूट झालेली असायची, मराठी व्हॉइसओव्हर त्याच ३० सेकंदांत बसवायचा असायचा, आणि उद्या सकाळी रेकॉर्डिंग आहे हे सांगणारा फोन हमखास संध्याकाळी सातनंतर यायचा. याला एजन्सीत ‘अडॅप्टेशन’ म्हणतात. पैसे शब्दांच्या हिशेबानं मिळायचे. ओळ कितीही गाजली तरी ती माझी म्हणायची सोय नव्हती, कारण मूळ कल्पना दुसऱ्याची.

मला कल्पनाच सुचवायच्या होत्या. त्यासाठी क्रिएटिव्ह विभागात नोकरी हवी आणि नोकरीसाठी ‘बुक’ हवं, म्हणजे आपल्या कामाची फाइल. जे.जे.च्या उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांकडे ती तयार असते. माझ्याकडे मराठीतलं एम.ए. आणि दुसऱ्यांच्या ओळी. एका मोठ्या एजन्सीतल्या साहेबांनी माझी फाइल चाळली आणि विचारलं, “यातलं तुमचं काय?” प्रश्न रास्त होता.

मग मी कुणी न मागितलेल्या जाहिराती लिहायला लागले. गिऱ्हाइकं निवडली ती डोंबिवलीतल्या आमच्या रस्त्यावरची, ज्यांनी जन्मात जाहिरात केली नव्हती: पिठाची गिरणी, छत्र्या दुरुस्त करणारा, चष्म्याचं दुकान. मोठ्या ब्रँडसाठी खोट्या जाहिराती करणारे पुष्कळ असतात. तिथे आपली ओळ आधीच्या शंभर चांगल्या ओळींशेजारी ठेवली जाते. गिरणीसाठी कुणी लिहिलेलंच नव्हतं.

गिरणीसाठी पहिल्यांदा सुचलं ते ‘शुद्ध, ताजे, दर्जेदार’. ते खोडलं, कारण ते मिठाईवाल्यालाही चालेल आणि डेअरीलाही. मग संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी गिरणीत जाऊन उभी राहिले. बायका डबा ठेवून भाजी आणायला जात नव्हत्या. आपल्या गव्हाचंच पीठ डब्यात पडतंय ना, आधीच्या कुणाची ज्वारी त्यात गेली नाही ना, यावर डोळा ठेवून त्या पट्ट्याच्या घरघरीत उभ्या होत्या. भीती शिळ्या पिठाची नव्हती, अदलाबदलीची होती. तिथून ओळ आली: ‘गहू तुमचा, पीठ तुमचं. आमचा फक्त आवाज.’ छत्रीवाल्यासाठी लिहिलं, ‘दुसरी कुठेतरी विसरण्याआधी पहिली दुरुस्त करून घ्या.’

हे सगळं मी ब्लॉगवर टाकत गेले. ओळीखाली काय पाहिलं, कुठल्या ओळी खोडल्या आणि का, हेही लिहायचे. अडचण अगदी भलतीच निघाली. एजन्सीच्या स्टुडिओत सगळं मराठी श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टाइप व्हायचं, आणि ते इंटरनेटवर चढवलं की नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. युनिकोडमध्ये टायपिंग नव्यानं शिकले. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉण्ट र. कृ. जोशींचा, हे तेव्हा कळलं. ते अनेक वर्षं ‘उल्का’ या जाहिरात संस्थेत होते. आपल्याच धंद्यातल्या माणसानं काढलेल्या अक्षरांत आपण लिहितोय, याचा मला उगाचच आधार वाटला.

लिहिणं जमलं, पण ‘हे मी केलंय, बघा’ असं चार लोकांना पाठवताना हात अडायचा. आमच्या घरात स्वतःची टिमकी वाजवणं म्हणजे उथळपणा. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगताना स्वतःची स्तुती करणाऱ्यालाही त्यात बसवलंय, आणि आईला ते पाठ. शिवाय अरुण कोलटकरांचं उदाहरण समोर होतंच. जाहिरातीत नावाजलेले कलादिग्दर्शक, पण प्रसिद्धीपासून चार हात लांब. काम बोलतं, असं म्हणायला एवढं पुरेसं होतं. फक्त त्यांचं काम त्यांचं होतं, लोकांपुढे जात होतं. तक्त्यातला मराठी रकाना कुणापुढे बोलणार?

उलट बाजूला जाहिरातकार डेव्हिड ओगिल्व्ही. त्यांचं ‘कन्फेशन्स ऑफ ॲन ॲडव्हर्टायझिंग मॅन’ १९६३ साली आलं. ते आपण एजन्सीला नवे क्लायंट मिळावेत आणि आपलं नाव व्हावं म्हणूनही लिहिलं, हे त्यांनी पुढच्या आवृत्तीत मोकळेपणानं सांगून टाकलं. पण पुस्तकभर ‘मी थोर’ असं म्हणण्यापेक्षा मथळा कसा लिहावा, क्लायंट कसा सांभाळावा, हे ते सांगत बसतात. वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी पडतं आणि जाता जाता लेखकाचं नाव लक्षात राहतं. अशा टिमकीला आईचीही हरकत नसती.

म्हणून पाठवताना मी स्वतःबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवलं. नुसती जाहिरात आणि तिच्यामागचा विचार. आर्ट डायरेक्टर असलेल्या एका मित्रानं गिरणीच्या ओळीचा लेआउट करून दिला. त्याचं नाव माझ्या आधी टाकलं. एजन्सीत चालू असलेलं काम रिलीज होण्याआधी कधीच बाहेर दाखवलं नाही. आणि प्रत्येक जाहिरातीवर ‘ही कुणी मागितलेली नाही’ असं स्पष्ट लिहिलं. पुरस्कारांसाठीच बनवलेल्या ‘स्कॅम’ जाहिरातींनी या धंद्याचं नाव पुरेसं खराब केलेलं आहे, त्यात आपली भर नको.

बरेच महिने वाचणारे म्हणजे मित्रमंडळीच. मग एका क्रिएटिव्ह डायरेक्टरची मेल आली, कॉपी टेस्टला, म्हणजे जाहिरातलेखनाच्या परीक्षेला, या. भेटल्यावर ते म्हणाले, “ओळी बऱ्या आहेत. पण तुम्ही खोडलेल्या ओळी वाचून बोलावलं. चांगली ओळ एखाद्या वेळी कुणालाही सुचते. वाईट ओळ ओळखता येते का, ते मला बघायचं असतं.” पगार अडॅप्टेशनच्या कमाईपेक्षा कमी होता. तरी नोकरी घेतली.

आता फायली माझ्याकडे येतात. पहिल्या पानावर बहुतेकांचं ‘पॅशनेट स्टोरीटेलर’ असतं. ते मी उलटते आणि न सांगता केलेलं काही आहे का ते शोधते. परवा एका मुलीनं तिच्या गावच्या एसटी स्टँडजवळच्या रसवंतीगृहासाठी लिहिलेली जाहिरात पाठवली. ओळ साधारणच होती. पण खाली खोडलेल्या ओळी होत्या, प्रत्येकीपुढे कारण होतं, आणि एक कारण माझ्या डोक्यात आलं नसतं असं होतं. तिला सोमवारी कॉपी टेस्टला बोलावलंय.